कशावर आहे ते?

कुणी एखाद्या सिनेमाची तारीफ केली की पूर्वी ऐकणारा विचारायचा, "कोण आहे त्यात?" आता विचारतो, "कशावर आहे ते?" उत्तर ऐकून त्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव उमटतो. ते अ‍ॅप घरात असलं तर "वा, बघतो आजच", आणि नसलं तर "हल्ली फार शिवीगाळ असते हो त्यात". अभिरुचीचा निकाल असा पहिल्याच फेरीत वर्गणीवर लागतो. कथा, अभिनय, दिग्दर्शन या मंडळींचा नंबर मागाहून.

एरवी मराठी माणूस निवडीच्या बाबतीत भलता चोखंदळ. भेंडी टोक मोडून घेणार, कलिंगड वाजवून घेणार, हापूसची पेटी उघडायला लावून आंबा देवगडचा की कर्नाटकचा यावर विक्रेत्याची उलटतपासणी घेणार. ओटीटीच्या बाबतीत मात्र हे सगळं कसब खुंटीला टांगलेलं असतं. कारण साधं आहे. बहुतेक घरांत ओटीटी कुणी निवडलेलंच नसतं. ते दुसऱ्याच कशाच्या तरी मागून घरात शिरलेलं असतं.

प्राइम व्हिडिओचंच घ्या. भारतात ते डिसेंबर २०१६ मध्ये आलं, पण कित्येक घरांत त्याचा गृहप्रवेश झाला तो प्रेशर कुकरच्या रिंगबरोबर. रिंग लवकर आणि फुकटात घरपोच यावी म्हणून कुणीतरी मेंबरशिप घेतली. तिच्यात सिनेमेही असतात हा शोध पुढे मुलं दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा लागला. नेटफ्लिक्स ऑगस्ट २०२३ पासून जिओच्या १,०९९ आणि १,४९९ रुपयांच्या प्रीपेड रिचार्जमध्ये मिळू लागलं, म्हणजे तेही काही घरांत डेटाच्या शेपटाला धरून आलं. सोनी लिव्ह आणि झी फाइव्ह वायफाय जोडायला आलेला पोरगा "हे पण आहे बरं का काकू यात" असं म्हणत ठेवून गेला. लग्नाच्या आहेरातल्या स्टीलच्या डब्यांसारखा हा प्रकार. आपण मागितलेले नसतात, कुणी दिले ते आठवत नाही, टाकवतही नाहीत. आणि ऐन गरजेच्या वेळी माळ्यावरून काढावेत तर झाकण सापडत नाही. इथे पासवर्ड सापडत नाही.

जाणूनबुजून, पदरचे पैसे मोजून एखादं अ‍ॅप घेतलं जातं ते बहुधा क्रिकेटसाठी. आणि इथेच माणूस फसतो, कारण क्रिकेट एका पत्त्यावर राहत नाही.

२०२२ हे वर्ष या दृष्टीने अभ्यासक्रमाला लावावं असं होतं. आयपीएल हॉटस्टारवर झाली. ती मेअखेर संपली आणि भारताचा संघ आयर्लंड-इंग्लंडला गेला, तो दिसला सोनी लिव्हवर. तिथून संघ वेस्ट इंडीजला पोचला तेव्हा सामने फॅनकोडवर होते. हे नाव तोवर न ऐकलेल्या मंडळींनी नातवंडांना कामाला लावून ते फोनवर उतरवून घेतलं. १ ऑगस्टला रात्री ८ वाजता सेंट किट्सचा टी-ट्वेंटी सामना बघायला बसावं, तर खेळाडूंचं सामानच त्रिनिदादहून आलेलं नाही असं कळलं. आठचा सामना दहावर गेला, दहाचा अकरावर. त्याच महिन्यात झिम्बाब्वे दौरा पुन्हा सोनी लिव्हवर आणि आशिया कप पुन्हा हॉटस्टारवर. ऑस्ट्रेलियातला टी-ट्वेंटी विश्वचषकही हॉटस्टारवरच झाला. तिथे उपांत्य सामन्यात इंग्लंडने दहा गडी राखून हरवल्यावर दुःख पचवायला संघ न्यूझीलंडला गेला, आणि तो दौरा होता प्राइम व्हिडिओवर.

न्यूझीलंडमध्ये सहा सामने ठरले होते. वेलिंग्टनचा पहिला सामना पावसामुळे एकही चेंडू न पडता रद्द झाला. दुसऱ्यात सूर्यकुमार यादवने ५१ चेंडूंत नाबाद १११ धावा झोडपल्या आणि वर्गणीदारांच्या जिवात जीव आला. तिसरा पावसाच्या गणिताने बरोबरीत सुटला. पुढे एकदिवसीय सामन्यांपैकी ऑकलंडचा पूर्ण झाला, तो आपण हरलो. हॅमिल्टन आणि ख्राइस्टचर्चचे पावसात गेले. सहापैकी हार-जीत ठरली ती दोनदाच. बाकी वेळ प्राइमच्या ग्राहकांनी न्यूझीलंडचा पाऊस उत्तम दर्जाच्या चित्रासह पाहिला. तोही बहुतेक सकाळी सकाळी किंवा ऐन ऑफिसच्या वेळेत.

फुटबॉलवाल्यांचं तेव्हा वेगळंच चाललं होतं. कतारचा विश्वचषक जिओसिनेमावर, आणि तोही फुकट. फुकट म्हटल्यावर ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नव्हतं तेही मध्यरात्री मेस्सीसाठी जागे राहिले.

२०२५ मध्ये तर एकाच सामन्याचे दोन पत्ते झाले. इंग्लंडमधली पाच कसोटींची मालिका टीव्हीवर सोनीच्या वाहिन्यांवर होती आणि मोबाइलवर जिओहॉटस्टारवर. त्यामुळे हॉलमध्ये बसलेले वडील सोनीचे ग्राहक, बेडरूममधला मुलगा प्रतिस्पर्धी गोटात. शिवाय मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीपेक्षा थोडं मागे चालतं, त्यामुळे हॉलमधून "गेला!" अशी आरोळी आली तरी बेडरूममधला फलंदाज अजून ऐटीत गार्ड घेत असे.

अ‍ॅप्सनाही एका नावाने, एका घरात नांदायची सवय नाही. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ ला हॉटस्टारवरून गेल्या. त्या पुढे जिओसिनेमावर आल्या. 'गेम ऑफ थ्रोन्स' पुन्हा बघणाऱ्यांनी गाठोडं आवरलं आणि तिकडे बिऱ्हाड केलं. मग १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं, आणि मालिका जिथून निघाल्या होत्या त्याच ओसरीवर परत आल्या. आयपीएलनेही हीच प्रदक्षिणा केली : २०२२ पर्यंत हॉटस्टार, पुढची दोन वर्षं जिओसिनेमा, नंतर जिओहॉटस्टार. हे लग्न होणार याचा अंदाज दिल्लीतल्या एका डेव्हलपरला आधीच आला होता. त्याने २०२३ मध्येच जिओहॉटस्टार या नावाचा वेबपत्ता विकत घेऊन ठेवला आणि त्या बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. भारतातल्या ओटीटी व्यवहारात पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय शोधायचा तर पहिला मान त्याला द्यावा लागेल.

'बिग बॉस मराठी'च्या प्रेक्षकांनी हा संसार फार जवळून पाहिला आहे. २०१८ चा पहिला हंगाम महेश मांजरेकरांचा, तो व्हूटवर. २०२४ चा पाचवा रितेश देशमुखचा, तो जिओसिनेमावर, कारण व्हूट मधल्या काळात त्यात विरघळलं होतं. मग जिओसिनेमाही विरघळलं. प्रेक्षक तोच, सोफा तोच, भांडणंही साधारण तीच. फोनवरचं चिन्ह तेवढं बदलत राहिलं.

फक्त मराठी बघायचं असं ठरवलेल्या माणसाला वाटतं की आपला खर्च आटोपशीर असणार. त्याने एक फेरी मारून पाहावी. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर बेतलेली आणि सतीश राजवाडेंनी दिग्दर्शित केलेली 'समांतर' मार्च २०२० मध्ये आली एमएक्स प्लेअरवर. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळवणारा चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर. प्रसाद ओकची भूमिका असलेला 'पिकासो' त्याच्या साधारण दीड महिना आधी थेट प्राइम व्हिडिओवर. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सोनी लिव्हवर, 'चला हवा येऊ द्या' झी फाइव्हवर, स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर. त्याच २०२१ मध्ये खास मराठीसाठी प्लॅनेट मराठी सुरू झालं, म्हणजे आणखी एक. मराठीचा कैवार घेतलेल्या प्रेक्षकाला अशी सगळ्यांच्या दारात माधुकरी मागत फिरायची पाळी येते.

त्यातून मालिकांचं राजकारण निराळंच. संध्याकाळी टीव्हीवर लागणारा भाग पैसे भरणाऱ्याला अ‍ॅपवर आधीच दाखवायची सोय या कंपन्यांनी काढली. ती काढणाऱ्यांना सोसायटी म्हणजे काय हे माहीत नसावं. तळमजल्यावरच्या वहिनींकडे वर्गणी असते. त्यांनी सकाळी डबे भरता भरता भाग उरकलेला असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे नुसतं केबल. दुपारी जिन्यात गाठ पडते.

"काय हो, आज कळेल का त्याला?"

"मी नाही बाई सांगत," असं म्हणत वहिनी गालातल्या गालात हसतात. त्या हसण्यावरून आजींना सगळं कळतं. संध्याकाळी आजी तो भाग बघतात, पण मन लागत नाही. दुसऱ्या दिवशी नातवाला हुकूम सुटतो, "ते खालच्यांकडे आहे ना, तसलं बसव आपल्याकडे." एका वर्गणीची भर पडते. जाहिरात कंपनीने केलेली नसते, जिन्याने केलेली असते.

आता घरात अ‍ॅप आलं, पण त्याचा मालक कोण? पैसे भरणारा, असं कुणी म्हणेल तर तो अननुभवी आहे. मालक तो, ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. मुलगी पुण्यात हिंजवडीला, वडील सांगलीत. खातं काढताना नंबर दिला गेला वडिलांचा, कारण तेव्हा फोन त्यांच्याच हातात होता. शुक्रवारी रात्री साडेअकराला सांगलीत फोन वाजतो. वडील दचकून उठतात.

"बाबा, ओटीपी आलाय बघा."

"कसला ओटीपी? बँकवाले म्हणतात कुणाला सांगू नका."

"अहो बाबा, मी आहे, मी!"

"तू आहेस ते कळतंय गं, पण त्यांनी कुणालाच म्हटलंय." मग चष्म्याचा शोध सुरू होतो. चष्मा लावून मेसेज उघडतात तर वरचा असतो गॅसच्या बुकिंगचा. तिकडे मुलगी ते आकडे टाकते, ते चुकतात. खरा ओटीपी सापडेपर्यंत मुदत संपते, नवा मागवावा लागतो. या गडबडीत आई जागी होऊन "काय झालं? सगळं ठीक आहे ना?" असं विचारते. सगळं ठीक असतं. पुण्यात एका कोरियन मालिकेचा अकरावा भाग अडलेला असतो, इतकंच.

पासवर्ड वाटून घेण्यात आपल्या लोकांना कधी संकोच नव्हता. २०१७ मध्ये खुद्द नेटफ्लिक्सनेच ट्विटरवर पासवर्ड वाटण्याला प्रेमाची खूण ठरवलं होतं. हे प्रेम नाशकात मामाच्या घरी सुरू होऊन भाच्याच्या हॉस्टेलपर्यंत आणि तिथून त्याच्या रूममेटच्या ताईपर्यंत पोचलं. प्रोफाइलच्या यादीत आई-बाबा, मुलं आणि 'गेस्ट' अशी नावं असत. हा गेस्ट कोण ते घरात कुणालाच ठाऊक नसे, पण तो हॉरर फार बघतो हे सगळ्यांना ठाऊक असे. २० जुलै २०२३ ला नेटफ्लिक्सने भारतात हे सदावर्त बंद केलं. एक खातं एका घरापुरतं, आणि घर कोणतं ते टीव्ही ज्या वायफायला जोडलाय त्यावरून ठरणार. आयकर खातं आजही हिंदू अविभक्त कुटुंब मानतं. वडील सांगलीत आणि मुलगी पुण्यात असली म्हणून त्याचं काही बिघडत नाही. नेटफ्लिक्सने मात्र राउटर बघून वाटणी करून टाकली.

पैशांचा हिशोब हा तर मराठी घराचा राखीव प्रांत. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आलं तेव्हा महिन्याला ५०० रुपयांपासून पुढे होतं. डिसेंबर २०२१ मध्ये भाव उतरले : मोबाइलपुरतं १९९ चं १४९ झालं, बेसिक ४९९ चं १९९. प्राइमने नेमक्या त्याच महिन्यात वर्षाचे ९९९ चे १,४९९ केले. एकाकडचे वाचलेले पैसे दुसऱ्याने नेले, घरखर्चाच्या वहीत आकडा होता तिथेच राहिला. जून २०२५ मध्ये प्राइमने सिनेमांच्या मध्ये जाहिराती आणल्या. त्या नको असतील तर वर्षाला वेगळे ६९९. जाहिराती बघायचे पैसे मिळत नाहीत आणि न बघायचे द्यावे लागतात, हे गणित सदाशिव पेठेत कुणी समजावून दाखवावं.

रिझर्व्ह बँकेने मात्र ग्राहकावर एक उपकार करून ठेवला आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना चोवीस तास आधी द्यावी लागते. तो मेसेज आला की घरात बैठक बसते.

"उद्या पैसे जाणारेत त्याचे. काढून टाकू या?"

"बघतं का कुणी ते?"

"कुणीच नाही."

"मग काढा."

एवढा ठराव एकमताने होतो. तेवढ्यात कुणाला तरी आठवतं की एक मालिका निम्मी राहिली आहे. मग हा शेवटचा महिना ठेवायचा आणि सगळं वसूल करायचं असं ठरतं. पुढचे आठ दिवस घर झपाटल्यासारखं बघतं. नवव्या दिवशी पाहुणे येतात, परीक्षा येते, गणपती येतात. चोवीस तासांच्या सूचनेचा पुढचा मेसेज येतो तेव्हा ज्याच्या फोनवर तो येतो तो माणूस नेमका लोकलमध्ये लटकलेला असतो.

समजा सगळं जमून आलं. वर्गणी चालू, पासवर्ड बरोबर, ओटीपी देणारा जागा. आता रिमोट. त्यावर लाल, निळी, जांभळी अ‍ॅपची बटणं असतात; आवाज कमी करायला जावं तर अंगठा नेमका तिथे पडतो आणि घरात नसलेल्या अ‍ॅपचं 'वर्गणी भरा' उघडतं. शोधायचं म्हटलं तर पडद्यावर अक्षरांची चौकट येते. बाणाने उजवीकडे, खाली, खाली, ओके. एक अक्षर झालं. 'झिम्मा' शोधायचा असेल तर आधी वाद : झेड की जे? बाबा झेडवर ठाम, आई म्हणते जे-एच. झेडने शोधलं की झुंबा नाचाचे व्हिडिओ येतात. जे-एचने सिनेमा सापडतो आणि बाबा म्हणतात, "लिहिणाऱ्यांना स्पेलिंग येत नाही."

नेटफ्लिक्स तर एकाच सिनेमाची वेगवेगळी चित्रं वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवतं, ज्याला जे रुचेल ते. त्यामुळे नवऱ्याच्या प्रोफाइलवर जो सिनेमा पिस्तूल घेऊन उभा असतो तोच बायकोच्या प्रोफाइलवर गुलाबाचं फूल घेऊन येतो, आणि "मी सांगत होते तो हा नव्हे" यावर अर्धा तास जातो. लोकांना निवडवत नाही हे नेटफ्लिक्सच्याही ध्यानात आलं होतं. २०२१ मध्ये त्यांनी 'तुमच्यासाठी आम्हीच काहीतरी लावतो' असं एक बटण दिलं. पुढे ते टीव्हीवरून काढून टाकलं. निवड जमत नाही म्हणून दुसऱ्याने केलेली निवड चालते असं थोडंच आहे! दुसऱ्याने निवडलेल्याला नाव ठेवायचा हक्क मग कुठे बजावायचा? शेवटी जेवणं आटोपेपर्यंत यूट्यूबवर हास्यजत्रेची जुनीच स्किटं लागतात. ती सगळ्यांची पाठ असतात, त्यामुळे मधे उठून पाणी आणता येतं.

निवडीचं हे स्वातंत्र्य लोकांना झेपेल का याची एक चाचणी सरकारी पातळीवर होऊन गेली आहे. २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने सांगितलं की केबलवरची वाहिनी न् वाहिनी ग्राहकाने स्वतः निवडावी. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि वर जीएसटी, पुढे प्रत्येक वाहिनीचा भाव वेगळा. कागद, पेन, चष्मा घेऊन लोक बसले. आजोबा बातम्यांवर अडून, आजी भक्तीच्या वाहिनीवर, नातू कार्टूनवर. इतक्या लोकांचा अर्ज भरायचा राहिला की मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवावी लागली, आणि न निवडणाऱ्यांसाठी केबलवाल्यानेच 'बेस्ट फिट प्लॅन' लावून द्यावा असं ट्रायला सांगावं लागलं.

ओटीटीतही आता तेच चाललं आहे. टाटा प्ले बिंज घ्या किंवा एअरटेल एक्स्ट्रीम प्ले घ्या, एकाच वर्गणीत अ‍ॅप्सची मोळी बांधून मिळते. खुद्द दूरदर्शनही या बाजारात उतरलंय. प्रसारभारतीचं 'वेव्ह्ज' २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात सुरू झालं. त्यावर जुन्या मालिका आहेत, थेट वाहिन्या आहेत आणि खरेदीचीही सोय आहे. म्हणजे आता सरकारी अ‍ॅपवरूनही कुकरची रिंग मागवायचा विचार करायला हरकत नाही. तिकडे न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला आयपीएल बघायला विलो नावाचं निराळंच काहीतरी लागतं, त्यामुळे भारतातून गेलेल्या आईवडिलांची तिथली पहिली सकाळ जावयाकडून नवी नावं पाठ करण्यात जाते.

इकडे गल्लीतला केबलवाला आता फायबरवाला झालाय. महिन्याच्या पाच तारखेला तो पूर्वी दारात यायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. लांबलचक यादी पाठवतो : शंभर एमबीपीएस, अमुक वाहिन्या, वीस-बावीस ओटीटी, सगळं एका बिलात. यादीतली चार नावं ओळखीची, बाकीची कुठल्या भाषेतली आहेत तेही कळत नाही. गृहिणी ते वाचून उलट फोन लावते.

"काय रे, यात आयपीएल आहे का?"

"सगळं आहे ताई."

"आणि सासूबाईंची संध्याकाळची?"

"सगळं आहे म्हटलं ना. उद्या पोरगा पाठवतो."

"पासवर्ड वगैरे काही लागेल का?"

"छे छे, काही नाही. फक्त दादांचा नंबर दिलाय मी, ओटीपी तेवढा त्यांच्याकडून घ्या. आणि राउटर जुना असेल तर त्याचे पैसे वेगळे."